लुर्दी काय देणार?

समुद्राच्या अलीकडे आणि खाडीच्या पलीकडे मोगऱ्याची एक वाडी होती. पहाटे ती पांढरीशुभ्र दिसायची, दुपारी हिरवीगार, आणि संध्याकाळी सूर्य बावखलात उतरला की थोडी थोडी सोनेरी. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठाशी कौलारू छपराची एक इवलीशी खोली होती आणि त्या खोलीत लुर्दी आणि तिची आई आंजेलिन राहायच्या.

लुर्दीला बाबा नव्हते. देवळात घालायला एकच फ्रॉक होता, ज्याची झालर आई दरवर्षी उसवून थोडी खाली आणायची. चर्चला त्या गावात सगळे देऊळच म्हणत. लुर्दी उंच होत गेली तसा फ्रॉकही बिचारा तिच्यामागून धावत होता, पण आता झालरच संपत आली होती.

आई मोगऱ्याच्या कळ्या तोडायची. उजाडायच्या आधी ती वाडीत उतरली की तिची बोटं पाखरांच्या चोचींसारखी टुकटुक चालत. पण त्या वर्षी राखेचा बुधवार झाला, ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, आणि आईची बोटं आखडली. सुजून ती आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली. कळी धरायची म्हटली तरी आईच्या कपाळावर घाम यायचा.

वाडीचे मालक इनासकाका वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं. ते दाराशी आले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "आंजेलिन, कळी कुणासाठी थांबत नाही गो. उमलली की बाजारात तिला कोण विचारतो? ईस्टरपर्यंत बघतो मी. तोवर हात चालले नाहीत तर दुसरी बाई लावावी लागेल. आणि खोली तिला द्यावी लागेल."

"आणि आम्ही कुठं जायचं?"

"तू भावाकडे जा मुंबईला."

"त्याच्याकडे मलाच जेमतेम पाय पसरायला जागा. माझी बाय कुठं जाईल?"

"सिस्टरांचं बोर्डिंग आहे की! चांगलं आहे. सुट्टीत भेटता येतं."

दारामागे उभ्या असलेल्या लुर्दीनं ते ऐकलं. 'सुट्टीत भेटता येतं' हे शब्द तिच्या डोक्यात गोटीसारखे इकडून तिकडे घरंगळत राहिले. सुट्टीत भेटतात ते पाहुण्यांना. आईला कुणी सुट्टीत भेटतं का?

संध्याकाळी ती पाणी आणायला बावखलावर गेली. काठावर सोनचाफ्याचं एक झाड होतं. त्याला कधीच फूल आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण आज सगळ्यात खालच्या फांदीवर एक कळी लुकलुकत होती. केशरी, मग पिवळी, मग मधाच्या रंगाची. लुर्दीनं नाक जवळ नेलं, आणि कळी शिंकली!

पाकळ्या उघडल्या. आत अंगठ्याएवढी पिटुकली परी बसली होती. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, गुलाबी होते. झगा पिवळाधमक, आणि केसांत परागांचा चुरा चमचमत होता. तिच्या अंगातूनच मऊ मऊ उजेड येत होता, समईच्या ज्योतीसारखा.

"तू परी आहेस?" लुर्दीनं हळूच विचारलं.

"असं म्हणतात," ती म्हणाली. "म्हणजे आहेच मी. लकाकी माझं नाव. पण नवी आहे गं. परवाच या झाडावर आले. कोणती फांदी कुठं जाते तेही अजून कळत नाही. आणि जो तो म्हणतो, रुळशील हळूहळू."

लुर्दीला तिची फार दया आली. "मी तुला वाट दाखवीन," ती म्हणाली. "पण तू मागणं पुरं करतेस का?"

"करायचं असतं. नियम आहेत त्याचे." लकाकीनं डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलीसारखी घडाघडा म्हणू लागली, "मागणं स्वतःसाठी मागू नये. मागणाऱ्यानं आपलं काहीतरी द्यावं. आणि जे द्यावं ते जिवापाड आवडतं असावं. झालं." तिनं डोळे उघडले. "अर्थ विचारू नकोस हं. मला पाठ आहेत नुसते."

"आईचे हात बरे होऊ देत," लुर्दी लगेच म्हणाली. "मी देईन. काहीही देईन."

पण काय द्यायचं?

याचं उत्तर लुर्दीला वाटलं तितकं अवघड नव्हतं, कारण उपवासकाळात गावातली सगळी पोरं काही ना काही सोडतच होती. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर बेनिग्नांनी शाडूचा एक गोल मुकुट करून त्यात लिंबाच्या झाडाचे काटे खोचून ठेवले होते. ज्यानं येशूसाठी एखादा त्याग केला, त्यानं त्यातला एक काटा उपटून काढायचा. म्हणजे येशूच्या डोक्यावरचा तेवढा काटा कमी.

सगळ्यात जास्त काटे प्रिस्काचे होते. "मी आज भावाला चिमटा काढला नाही," ती उभी राहून सांगायची. "मी काल टीव्ही बघितला नाही."

"लाइट गेली होती गं तुमच्याकडची!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं.

"गेली नसती तरी नसता बघितला!" म्हणत प्रिस्का काटा काढून घ्यायची.

म्हणजे आवडतं ते सोडायचं आणि दुखलं पाहिजे, असा हा हिशेब होता. लुर्दीनं जपून ठेवलेली नारळाची वडी काढली. गुलाबी होती, कडेला थोडी खरपूस. तिनं ती हुंगली, डोळे घट्ट मिटले आणि बावखलात फेकली. डुबुक!

"दिली!" ती धापा टाकत लकाकीला म्हणाली. "फार आवडती होती."

लकाकी हात पसरून थांबली. पंख थरथरवले. काहीच झालं नाही. पाण्यात मात्र एक मासा वर आला आणि वडीचा तुकडा गट्ट करून गेला.

"माशाला मिळाली," लकाकी विचारात पडून म्हणाली.

"मग आता माशाचे हात बरे होतील?"

"माशाला हात नसतात गं."

 

वडी छोटी पडली असेल, लुर्दीला वाटलं. मग तिनं रात्रीची भाकर सोडली. आईनं विचारलं, "का गो, बरं नाही का?" लुर्दी म्हणाली, "माझा उपास." आई म्हणाली, "मग मी एकटी कशी खाऊ?" आणि तिनंही ताट झाकून ठेवलं. सकाळी लुर्दीला घेरी आली, आणि आईनं त्या वाकड्या हातांनी तिचा हंडा उचलून पाणी भरलं. हंडा ठेवताना आईच्या तोंडून कळवळून आवाज निघाला. लुर्दीनं कानांवर हात ठेवले. हे काय झालं? त्याग तर तिनं केला होता, मग दुखलं आईला कसं?

"आणखी मोठं काहीतरी दे," लकाकी म्हणाली, पण तिचाही आवाज खात्रीचा नव्हता. "तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

लुर्दीनं विचार केला. सगळ्यात जास्त तिला आईच्या कुशीत झोपायला आवडायचं. आईच्या पदराला मोगऱ्याचा वास यायचा आणि आई झोपेतसुद्धा तिच्या पाठीवर हात ठेवायची. "ते घे," ती म्हणाली. "मी आता आईजवळ झोपणार नाही. बोर्डिंगातसुद्धा जाईन. रडणार नाही. तू फक्त हात बरे कर."

लकाकीचा उजेड एकदम थरथरला. "घेऊ?" तिनं विचारलं. "पण लुर्दी, आईची कूस तुझी आहे, तशी तुझी पाठ आईची नाही का? मी दुसऱ्याचं कसं घेऊ?"

लुर्दीनं ऐकलं नाही. तिनं चटई उचलून दाराशी अंथरली. पण झोप काही येईना, आणि अंधारात तिला आईचा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर चाचपडताना ऐकू आला. इकडे, तिकडे. मग आई उठून बसली. "माझ्यावर रागावलीस का गो बाय?" ती अगदी हळू म्हणाली. "हात बरे होत नाहीत म्हणून?" आणि आई रडायला लागली.

लुर्दी चटई सोडून धावत आईच्या कुशीत शिरली. आता तिला काहीच कळेनासं झालं होतं. आवडतं सोडलं तर माशाचं भलं होतं. जेवण सोडलं तर आई उपाशी राहते. आणि सगळ्यात मोठं सोडायला जावं तर आई रडते. देवाला हे आवडतं तरी कसं?

म्हणून पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती एकटीच मागे राहिली. सिस्टर फळा पुसत होत्या.

"सिस्टर, येशूनं क्रूसावर आपला जीव दिला ना?"

"दिला."

"कुणाला दिला?"

"आपल्यासाठी दिला, बाळा."

"ते माहितीये. पण दिला म्हणजे कुणालातरी मिळाला असेल ना? मी वडी दिली तर ती माशाला मिळाली. येशूनं जीव दिला तो कुणाच्या हातात पडला?"

सिस्टर बेनिग्नांचा फळ्यावरचा हात थांबला. इतकी वर्षं त्या हा धडा शिकवत होत्या, पण माशाच्या बाजूनं कुणी विचारलं नव्हतं. "थांब," त्या म्हणाल्या, आणि लुर्दीशेजारी बाकावर बसल्या. सिस्टर बाकावर बसतात हे लुर्दीनं प्रथमच पाहिलं. "हे बघ. त्याला दुखावं म्हणून त्यानं ते केलं नाही. त्याला माणसं फार आवडायची. आजारी, चुकलेली, कुणी जवळ न केलेली, सगळी. त्यांच्याकडे जायचं, त्यांच्याबरोबर राहायचं, एवढंच त्याला करायचं होतं. दुखणं त्या वाटेत येऊन उभं राहिलं. तो मागे वळला नाही, एवढंच."

"म्हणजे दुखणं येशूनं मागितलं नव्हतं?"

"नव्हतं. टळलं तर बरं, असंच त्यानं देवबापाला सांगितलं होतं. घाबरलाही होता."

"मग मुकुटातले काटे?"

सिस्टरांनी टेबलावरच्या मुकुटाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ते माझं चुकलंच वाटतं," त्या पुटपुटल्या. "आता प्रिस्काला कोण समजावणार?"

लुर्दी घरी निघाली. सगळं काही तिला कळलं नव्हतं. अर्धंच कळलं होतं, आणि कोणतं अर्धं तेही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आई अंधारात उठली तेव्हा लुर्दीही उठली. लुर्दीला पहाटेची झोप इतकी प्रिय होती की तिला उठवायला आईला पांघरूण ओढून, गुदगुल्या करून, शेवटी दोन थेंब पाणी शिंपडावं लागे. आज ती आपणहून उठली, ठेचकाळत बाहेर आली आणि आईच्या शेजारी मोगऱ्याच्या झाडाशी उकिडवी बसली.

"तू कशाला गो उठलीस?"

"तू सांग, मी तोडते."

आईनं टोपली तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "बरं. ती बघ, टपोरी. देठाशी नख लाव. अंहं, ती नको! ती कच्ची आहे, हिरवी आहे अजून. तिला उद्याचा दिवस आहे."

"आणि ही?"

"ती उमललीच की बाई! तिला आता भुंग्यासाठी ठेव."

आईचे डोळे आणि लुर्दीची बोटं. कळ्या टोपलीत पडू लागल्या. दवानं लुर्दीचा फ्रॉक ओला झाला, मुंग्या पायांवर चढल्या, डोळे सारखे मिटत होते. मध्येच तिनं जांभई दिली आणि एक अख्खी फांदी तोडली, तेव्हा आई हसली. किती तरी दिवसांनी हसली. पूर्वेला आधी जांभळा रंग आला, मग डाळिंबी, मग पिकल्या केळ्यासारखा पिवळा.

टोपली अर्धीच भरली. इनासकाकांनी ती हातावर तोलून पाहिली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही दिवशी. लुर्दीनं काटा काढून घेतला नाही, कारण आपण काही सोडलंय हे तिच्या लक्षातच आलं नाही. शाळा, पाणी, कळ्या आणि संध्याकाळी आईच्या बोटांना कोमट तेल, या सगळ्यात बावखलावर पाणी भरतानाही ती लकाकीपाशी थांबली नाही. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, आला, गुड फ्रायडेला सगळं गाव काळ्या कपड्यांत येशूच्या दुःखाची आठवण करत क्रूसाच्या वाटेनं चाललं, आणि टोपली अजूनही काठोकाठ भरत नव्हती.

ईस्टरच्या पहाटे आई पुढं गेली आणि लुर्दी टोपली घेऊन मागून निघाली, तर बावखलाच्या काठावरून कुणीतरी हाक मारली.

"लुर्दी! अगं झालं! माझ्यात काहीतरी भरून आलंय बघ!"

सोनचाफ्याची फांदी लखलखत होती. लकाकी कळीच्या टोकावर उभी होती, आणि तिचा उजेड आता समईसारखा नव्हता. इंद्रधनुष्याचे सगळे रंग त्यात एकमेकांत मिसळून नाचत होते.

"मागणं तयार झालं. तू दिलंस ना, म्हणून."

लुर्दी गोंधळली. "मी कुठं काय दिलं? मी तर तुझ्याकडे आलेच नाही."

"पहाटेची झोप दिलीस. किती आवडती होती तुझी! आणि ती माशाला नाही मिळाली. आईला मिळाली."

"मी दिली नाही काही. मी नुसती उठले."

"तसंच असतं वाटतं ते," लकाकी म्हणाली.

लुर्दी आनंदानं उडी मारणार, तेवढ्यात तिला लकाकीचे पंख दिसले. ते अधिकच पातळ झाले होते. त्यांच्यातून पलीकडचं पाणी दिसत होतं.

"लकाकी, हे मागणं येतं कुठून?"

"माझ्यातून."

"दिल्यावर तुझ्यात काय उरतं?"

लकाकीनं नजर खाली वळवली. "ते कुणी सांगितलं नाही. एका परीत एकच मागणं असतं. ज्यांनी दिलं, त्यांच्यातलं सांगायला परत कुणी आलं नाही."

लुर्दीनं झटकन दोन्ही हात मागे घेतले. "मग नको! मला नको असलं काही! आम्ही करू. मी आणखी लवकर उठेन. दोन टोपल्या भरेन."

"आज ईस्टर आहे, लुर्दी. इनासकाका आज विचारणार."

"विचारू देत! तू कुठंही जायचं नाहीस. नियम आहे का तसा, की तू जायलाच हवं?"

"नाही," लकाकी म्हणाली. "मी नियम पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. त्यात हे कुठंच नाही."

"मग कशाला?"

लकाकीनं गाल फुगवले आणि केसांतले पराग झटकले. "मी रोज पहाटे या फांदीवरून तुम्हा दोघींना बघते," ती म्हणाली. "तू चुकीची कळी तोडतेस आणि तुझी आई हसते, तेव्हा मला या झाडावर परक्यासारखं वाटत नाही. मला द्यावंसं वाटतं. भीतीही वाटते. दोन्ही एकदम. तुला कधी वाटलं का असं?"

लुर्दी फांदीजवळ सरकली. तिनं बोट पुढं केलं. लकाकी त्यावर उतरली, चिमणीच्या पिसाहून हलकी, आणि तिनं लुर्दीच्या नखावर गाल टेकला. मग ती उडाली. मोगऱ्याच्या ओळींवरून सोनेरी रेघ ओढत ती थेट आईकडे गेली. आई एका कळीशी झगडत होती, दात ओठांवर रोवून. उजेड तिच्या दोन्ही हातांवर उतरला. केशरी, पिवळा, मधाचा, गुलाबी, आणि मग इतका पांढरा की सगळी वाडी एका क्षणात उमलल्यासारखी झाली. त्याच वेळी देवळाच्या घंटा वाजू लागल्या, एकदम सगळ्या.

घंटा थांबल्या तेव्हा उजेड नव्हता. साधी सकाळ होती.

आईनं बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली. मग तिनं एक कळी तोडली, दुसरी तोडली, आणि बोटं पूर्वीसारखी टुकटुक चालायला लागली. आई हसत होती आणि रडतही होती.

"लुर्दी! अगं बघ गो! बघ माझे हात!" ती धावत आली. लुर्दी चाफ्याखाली टोपली पोटाशी धरून उभी होती. तिचे गाल ओले होते. "अगं, तू का रडतेस? आता आपल्याला कुठं जायचं नाही. इनासकाकांना मी आत्ता दाखवते. बाय, काय झालं?"

"माझी मैत्रीण गेली."

"कोण मैत्रीण? कुठं गेली?"

लुर्दीनं वर फांदीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग आकाशाकडे. कुठंच काही नव्हतं. आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ते हात आता सरळ होते, ऊबदार होते, आणि त्यांना सोनचाफ्याचा वास येत होता.

लुर्दीनं तो वास घेतला. आणखी एकदा घेतला.

"इथं," ती म्हणाली, आणि आईच्या तळव्यावर आपला गाल दाबून धरला.